दिवसाचे किती सांगायचे? हातात पडणाऱ्या रकमेवरून उलटा हिशेब

फ्रीलान्स काम सुरू केलेला माणूस पहिल्या आठवड्यातच विचारतो, "दिवसाचे किती सांगू?" आणि उत्तरासाठी तो दुसऱ्या फ्रीलान्सरकडे जातो. त्या दुसऱ्याने आपला दर तिसऱ्याला विचारून लावलेला असतो. तिसऱ्याने तो एका क्लायंटच्या तोंडून ऐकलेला असतो, आणि त्या क्लायंटला तो आकडा कमीच सांगायचा होता. अशा रीतीने एका धंद्यातली सगळी माणसं एकमेकांच्या अंदाजावर जगतात आणि वर्षाच्या शेवटी पैसे गेले कुठे म्हणून डोकं खाजवतात.

मी व्हिडिओ एडिटर आहे. आमच्याकडे बहुतेक कामं दिवसाच्या बोलीवर ठरतात, म्हणून उदाहरणं एडिटिंगची घेते. हिशेब मात्र भाषांतर, डिझाइन, ट्रेनिंग, कोडिंग, साउंड, कशालाही लागू पडतो. सुरुवात दरापासून करायचीच नाही. वर्षाअखेर सगळं वजा जाऊन आपल्या हातात किती हवेत, तिथून मागे मागे यायचं. खालचे आकडे गणित सोपं जावं म्हणून निवडलेत. कुठल्याही चलनात वाचा, आणि मग खोडून स्वतःचे घाला.

हातात किती हवेत?

"महिन्याला किती लागतात?" असं विचारलं की माणूस पगारासारखा गोल आकडा सांगतो. साठ हजार, समजा. हा आकडा आठवणीतून काढलेला असतो आणि आठवण खर्चाच्या बाबतीत फार उदार असते. बँकेचं मागच्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, खात्यातून गेलेल्या रकमांची बेरीज करा, आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेले पैसे वगळा. बाराने भागा. येईल तो तुमचा खरा महिना. तो साठच निघाला असं धरून चालू: वर्षाचे ७,२०,०००.

आता पगाराच्या चिठ्ठीवर जे ठळकपणे कधी दिसत नव्हतं ते. आरोग्य विमा, आयुर्विमा, वर्षातून एकदा येणाऱ्या फिया, दुरुस्त्या, यांचे ६०,०००. निवृत्तीसाठी नोकरीत कंपनी स्वतःचा जो वाटा घालत होती तो आता कुणी घालणार नाही. तो आणि आपला मिळून १,२०,०००. एकूण ९,००,०००. ही झाली करानंतर हातात हवी असलेली रक्कम.

या तिसऱ्या भागाला, म्हणजे म्हातारपणाच्या पैशांना, लोक "जमलं तर टाकू" म्हणतात. जमत नाही. तो आकडा दराच्या आत बसलेला असेल तरच टाकला जातो. पुढे सवलतीचा विषय येईल तेव्हा हा १,२०,००० परत भेटेल, लक्षात ठेवा.

करासाठी गुणायचं नाही, भागायचं

समजा उत्पन्नातून सगळ्या प्रकारचा कर मिळून २० टक्के जातो. स्लॅबची पद्धत असते तिथे वरच्या स्लॅबचा टक्का सगळ्या उत्पन्नाला लागत नाही, फक्त त्या मर्यादेच्या वरच्या भागाला लागतो. म्हणून स्लॅबचा टक्का नका घेऊ. एकूण कर भागिले एकूण नफा, असा सरासरी टक्का घ्या. मागच्या वर्षीचं रिटर्न असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, नसेल तर सीएला विचारा.

आता भल्याभल्यांची इथे गफलत होते. नऊ लाख हवेत, कर वीस टक्के, म्हणून नऊ लाखांवर वीस टक्के चढवायचे: १०,८०,०००. बरोबर वाटतं. पण कर १०,८०,००० वर लागेल, नऊ लाखांवर नव्हे. त्याचे वीस टक्के झाले २,१६,०००, हातात उरले ८,६४,०००. छत्तीस हजार कमी. बरोबर पद्धत भागाकाराची: शंभरातले ऐंशी आपले, म्हणून ९,००,००० ÷ ०.८० = ११,२५,०००. याचे वीस टक्के २,२५,०००, उरले बरोब्बर नऊ लाख.

क्लायंट बिलातूनच काही टक्के कापून सरकारकडे भरत असेल, टीडीएससारखं, तर ती रक्कम या वीस टक्क्यांतलीच आहे. दोनदा धरू नका. फक्त एवढं ओळखून असा की तेवढे पैसे बिल भरल्या दिवशी खात्यात येणार नाहीत. आणि जीएसटी, व्हॅट असला कर लागत असेल तर तो तुमचा नव्हेच. क्लायंटकडून घ्यायचा आणि पुढे भरायचा. म्हणून दर सांगताना "कर वेगळा" हे दोन शब्द त्याच वाक्यात यायला हवेत. नंतर सांगायला गेलं की वाद होतो, आणि वादात तो कर आपल्याच दरातून जातो.

धंद्याचा खर्च

हा करानंतर मिळवायचा, आधी नाही, कारण कर नफ्यावर असतो आणि खर्च नफा काढण्याआधीच वजा होतो. माझ्यासारख्या एडिटरचा एक नमुना: सॉफ्टवेअरची वर्गणी ४०,०००. हार्ड डिस्क आणि बॅकअप ३०,०००. इंटरनेट, वीज, खोलीचा कामापुरता हिस्सा ३५,०००. सीए २०,०००. येणं-जाणं २५,०००. सामानाचा विमा १५,०००. आणि मशीन.

मशीनपाशी थांबते, कारण ते विकत घेतलेल्या वर्षीच खर्च म्हणून आठवतं आणि मग विसरलं जातं. २,४०,००० चं मशीन चार वर्षं नीट चालतं, मग टाइमलाइन अडखळायला लागते. म्हणजे ते दर वर्षी ६०,००० ने झिजतं, तुम्ही पैसे मोजा अगर न मोजा. ते साठ हजार दरात नसतील तर चौथ्या वर्षी नवं मशीन कर्जावर येतं. सगळी बेरीज २,२५,०००. वरच्या ११,२५,००० मध्ये मिळवली: १३,५०,०००.

त्यावर गंगाजळी. एखादं बिल बुडतं, एखादा महिना कोरडा जातो, कधी पाठ धरते. वर्षभराच्या बिलिंगचे दहा टक्के बाजूला राहायला हवेत, म्हणून पुन्हा भागाकार: १३,५०,००० ÷ ०.९० = १५,००,०००. त्यातलं काही उरलंच तर त्यावर करही लागेल. भरू, खुशीने.

इथपर्यंतचं सगळं फार तर एका संध्याकाळचं काम. लोक इथेच दमतात आणि पंधरा लाखांना पहिल्या सुचलेल्या दिवसांनी भागून मोकळे होतात. घोडं पेंड खातं ते तिथे.

वर्षात विकायचे दिवस किती?

३६५ दिवस. शनिवार-रविवार १०४ वजा: २६१. सार्वजनिक सुट्ट्या १२, स्वतःची रजा २०, आजारपण आणि घरची अडलेली कामं ९. उरले २२०.

हे २२० दिवस तुम्ही कामावर असाल. म्हणजे खुर्चीत बसलेले, दमलेले, संध्याकाळी "आज खूप काम झालं" म्हणणारे. त्यातल्या किती दिवसांचं बिल कुणाच्या तरी नावे फाडता येईल, हा निराळा प्रश्न आहे, आणि दर याच प्रश्नावर उभा असतो.

याचं उत्तर अंदाजाने काढू नका, मोजा. माझ्या टेबलावर एक साधी चौकटींची वही असते. एक ओळ म्हणजे एक दिवस, एक चौकट म्हणजे अर्धा तास. प्रत्येक चौकटीत एक अक्षर: बिलाचं काम असेल तर "बि", स्वतःच्या धंद्याचं काम असेल तर "का", आणि क्लायंटचंच पण ज्याचे पैसे मिळणार नाहीत असं असेल तर "फु". फुकटचा "फु".

एखादा दिवस कसा दिसतो ते सांगते. सकाळी फुटेजची डिस्क येते, कॉपीला लावते. दोन तास मशीन अडकलेलं, मी इकडे जुन्या बिलांची आठवण पाठवते, एका नव्या माणसाला कोटेशन लिहिते: चार चौकटी "का". कॉपीचं काम मात्र क्लायंटचंच, मशीन त्याच्यासाठीच अडकलंय. बोलीत "फुटेज घेणं आणि लावणं" लिहिलेलं असेल तर याच चार चौकटी "बि" होतात. तिथून दीडपर्यंत सलग एडिट, "बि". जेवणानंतर मागच्या महिन्यात संपलेल्या कामाचा फोन: "लोगो थोडासाच बदललाय, तेवढा टाकून द्या ना." जुना प्रोजेक्ट शोधा, उघडा, गहाळ फाइली जोडा, लोगो बदला, एक्सपोर्ट करा, अपलोड करा. तीन चौकटी "फु". मग पुन्हा एडिट. शेवटी अर्धा तास बॅकअप. संध्याकाळी मोजलं तर दिवस पुरा भरलेला असतो आणि "बि" जेमतेम निम्मे.

चार-सहा आठवडे अशी वही ठेवली की स्वतःचं प्रमाण कळतं. "फु" खाली बसवता येतात, बोली नीट करून. "का" मात्र राहणारच. बिलं, हिशेब, चौकशा, शिकणं, मशीन अपडेट करून बिघडलेलं पुन्हा लावणं.

आपल्या उदाहरणात असं धरू. आठवड्यातला एक दिवस धंद्याच्या कारभारात: २२० दिवस म्हणजे ४४ आठवडे, म्हणून ४४ वजा, उरले १७६. नवी कामं मिळवण्यात, म्हणजे भेटी, कोटेशनं, नमुने, "कळवतो हं" यात २६ गेले: १५०. आणि एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतची पोकळी, वर्षभराची मिळून ३०. उरले १२०.

एकशेवीस म्हटलं की समोरचा हसतो. "म्हणजे तीन दिवसांतून एक दिवस काम?" नाही, काम २२० दिवस. विकला जाणारा दिवस १२०. नव्या माणसाचे पहिल्या वर्षी याहून कमी भरतात. ज्याला एकाच ठिकाणचं लांबलचक काम मिळतं त्याचे जास्त भरतील. त्याने पोकळीचे तीस नि विक्रीचे सव्वीस खुशाल कमी धरावेत. पण ते काम संपेल तेव्हा दोन्ही एकदम परत येतात.

१५,००,००० ÷ १२० = १२,५००. हा दिवसाचा दर.

एका ओळीत मांडायचं तर: हातात हवी ती रक्कम भागिले (१ वजा कर), अधिक खर्च, हे सगळं भागिले (१ वजा गंगाजळी), आणि शेवटी भागिले बिलाचे दिवस. एक्सेलमध्ये पाच खाने पुरतात.

आता नवा माणूस काय करतो पाहा. साठ हजार भागिले बावीस दिवस, २,७२७. वर थोडे चढवून तो तीन हजार सांगतो आणि आपण जरा जास्तच सांगितले की काय म्हणून रात्रभर तळमळतो. तीन हजारांनी १२० दिवस म्हणजे ३,६०,०००. त्यातून २,२५,००० खर्च गेला की राहिले १,३५,०००. महिन्याला ११,२५०, तेही कर भरायच्या आधी. साठ हजारांच्या घराला अकरा हजार!

आणि कुठल्या आकड्यावर डोकं खपवायचं तेही यातून दिसतं. सॉफ्टवेअरचा खर्च निम्मा केलात, वीस हजार वाचवलेत, तर दिवसाच्या दरात फरक पडतो जेमतेम १८५ चा. कर वीसऐवजी पंचवीस टक्के निघाला तर दर १३,१९४ होतो, म्हणजे सातशेच्या आसपास फरक. पण बिलाचे दिवस १२० ऐवजी १०० भरले तर दर थेट १५,००० लागतो, आणि १४० भरले तर १०,७१४ मध्ये भागतं. स्वस्तातलं सॉफ्टवेअर शोधण्यात दोन दिवस घालवणाऱ्याने ते दोन दिवस जुन्या क्लायंटना फोन करण्यात घालवावेत, हे माझं स्पष्ट मत.

हा आकडा क्लायंटला सांगायचा का?

१२,५०० ही खालची रेघ आहे. तिच्या खाली गेलात तर वर्ष तोट्यात, एवढंच ती सांगते. बाजार तुमच्या कामाला सोळा देत असेल तर सोळाच सांगायचे. "मला साडेबारात परवडतं" हे त्या माणसाला कळण्याचं काहीच कारण नाही. तुमचं घर किती पैशात चालतं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला त्याचं काम किती मोलाचं आहे हे ठाऊक असतं, आणि दुसरीकडे किती पडतील हे.

बाजार दहाच देत असेल तर? मग आकडेमोडीवर रागावून उपयोग नाही. ती सांगतेय की या प्रकारच्या कामावर, इतक्या दिवसांत, तुम्हाला हवं तितकं मिळत नाही. दिवस वाढवता येतात का पाहा: एखादा कायमचा क्लायंट, महिन्याला ठरलेले चार दिवस. कामाचा प्रकार बदलता येतो का पाहा. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओला एक भाव असतो, कंपनीच्या ट्रेनिंग फिल्मला दुसरा आणि जाहिरातीला तिसरा. बोटं तीच चालतात. तेही नाही जमलं तर वरच्या नऊ लाखांपैकी काय कमी करायचं हे स्वतः ठरवा. नाही ठरवलंत तर ते आपोआप ठरतं, आणि नेमकं म्हातारपणाच्या रकमेतून कापलं जातं.

सवलतीचं गणित पाहिलंत की हे पटेल. दहा टक्के सवलत: ११,२५० ने १२० दिवस, १३,५०,०००. सगळी गंगाजळी गेली. वीस टक्के: १०,००० ने १२,००,०००. खर्च वजा जाता ९,७५,०००, कर वजा जाता हातात ७,८०,०००. नऊ लाखांना १,२०,००० कमी. हा तोच आकडा, निवृत्तीचा. म्हणजे सगळ्यांना वीस टक्के सोडणारी व्यक्ती गंगाजळी आणि म्हातारपण दोन्ही क्लायंटांना वाटून टाकते, आणि रोजचं घर चालत असल्यामुळे तिला ते कळतही नाही.

घासाघीस होणारच. "अहो मॅडम, बाकीचे आठला करतात." यावर मी दर उतरवत नाही, काम उतरवते. "आठमध्ये करून देते. पण करेक्शनची फेरी एकच, सबटायटल तुमच्याकडून, आणि शनिवारच्या ऐवजी पुढच्या बुधवारी." निम्मे लोक यावर साडेबाराला कबूल होतात, कारण त्यांना शनिवारच हवा असतो. उरलेल्यांना खरंच आठचं काम हवं असतं, मग त्यांना आठचंच द्यावं, त्यात हलकेपणा नाही. ओळखीच्यांच्या बाबतीत मात्र जीभ अडते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते या धंद्याला तंतोतंत लागू आहे. नातलगाचं काम करायचं तर एक तर पूर्ण दराने करा नाहीतर उघडपणे फुकट करा. अधल्यामधल्या दरात पैसेही जातात नि उपकारही राहत नाहीत.

एक सवलत मात्र हिशेबात बसते. कुणी चाळीस दिवसांचं काम एकदम देत असेल तर तेवढ्यापुरती विक्री आणि पोकळी वाचते. त्यामुळे तुमचे वर्षाचे बिलाचे दिवस १२० चे १३० होणार असतील तर दर ११,५३८ वर आला तरी वर्ष तेवढंच भरतं. म्हणजे साडेसात टक्क्यांपर्यंत सोडायला हरकत नाही. त्यापुढे नाही, आणि दिवस लेखी ठरलेले असतील तरच. "पुढे खूप काम देतो, यावेळी जरा बघा" याला मी उत्तर देते: यावेळी पूर्ण, पुढच्या कामात सवलत.

अर्ध्या दिवसाचे निम्मे घेऊ नका. उरलेला अर्धा दिवस क्वचित विकला जातो. साठ-पासष्ट टक्के घ्या. तासावर काम आलं तर आठाने न भागता सहाने भागा, कारण आठ तास बसलं तरी सलग काम सहाच तासांचं होतं, हे वही सांगेल. ठरलेलं काम आयत्या वेळी रद्द झालं तर? माझ्या बोलीत दोन दिवस आधीपर्यंत काही नाही, त्यानंतर निम्मे, त्याच दिवशी सांगितलं तर पूर्ण. तो दिवस आता दुसऱ्या कुणाला देता येणार नसतो.

एकरकमी किंमत मागितली तरी आत हिशेब दिवसांचाच करायचा. सहा मिनिटांच्या फिल्मचं असं: फुटेज पाहून निवडणं १ दिवस, रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जोडणी, २, करेक्शनच्या दोन फेऱ्या दीड, आवाज आणि रंग १, सबटायटल आणि एक्सपोर्ट अर्धा. सहा दिवस, ७५,०००. कोटेशनमध्ये दिवस लिहायचे नाहीत, नाहीतर "रंगाला एक दिवस कशाला?" सुरू होतं. पण फेऱ्या लिहायच्याच: "दोन फेऱ्या समाविष्ट, तिसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाचा दर." आणि फेरी म्हणजे काय तेही लिहा. सगळ्यांचे बदल एकत्र, एका यादीत, एकदाच. नाहीतर डायरेक्टरची एक फेरी, मार्केटिंगची एक, आणि मग साहेबांच्या मिसेसची एक.

पैसे आल्यावर

१२,५०० आले म्हणजे १२,५०० मिळाले नाहीत. आपल्या उदाहरणातले टक्के चुकून फार सोयीचे पडलेत: बिलातले १५ टक्के कराचे, १५ धंद्याच्या खर्चाचे, १० गंगाजळीचे, ६० तुमचे. दिवसाला १,८७५, १,८७५, १,२५० आणि ७,५००. त्या साडेसात हजारांतलेही हजार म्हातारपणाचे आणि पाचशे वर्षाच्या हप्त्यांचे. घरात जायचे सहा हजार. कराचं एक खातं वेगळं ठेवा आणि पैसे जमा झाल्या दिवशीच त्यात वळवा. (टीडीएस कापून आला असेल तर तेवढं त्यातून कमी.) महिनाअखेरीला वळवू म्हटलं की वळवायला काही शिल्लक नसतं.

अ‍ॅडव्हान्स घ्याच. चाळीस टक्के आधी, चाळीस रफ कटला, वीस फाइल सोपवताना, असं मी ठेवते. शेवटचे वीस मिळेपर्यंत फाइलवर वॉटरमार्क. साठ दिवसांच्या उधारीवर काम मागणारी कंपनी तुमच्याकडून बिनव्याजी कर्ज मागत असते. द्यायचं असेल तर द्या, पण दरात धरून द्या. आणि नेहमी उशिरा पैसे देणाऱ्याच्या कामाच्या चौकटी जरा बारकाईने पाहा: आठवणीच्या फोनांचे "का" त्याच्या नावाने मांडले की त्याचा खरा दर कितीवर आला ते दिसतं. माझा एक जुना क्लायंट असा कागदावर पूर्ण दराचा होता आणि वहीत अर्ध्याचा. त्याला पुढच्या कोटेशनमध्ये वीस टक्के चढवून सांगितले. तो यायचा थांबला. दोघंही सुखी.

दर वर्षातून एकदा वाढवायचा. महागाई सहा टक्के धरली तर आजचे १२,५०० पाच वर्षांनी ९,३४० च्या मोलाचे उरतात. आहे तिथेच राहायला तेव्हा १६,७२८ लागतील. पाच वर्षं गप्प बसून एकदम चार हजार वाढवणं कुणालाच झेपत नाही. जुन्या क्लायंटला महिनाभर आधी दोन ओळींचा मेल: "पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून माझा दिवसाचा दर १३,२५० असेल. सध्या चालू असलेलं काम जुन्याच दराने पूर्ण करून देईन." कारणं लिहू नका. पेट्रोल, वीज, भाडं असं लिहिलं की तो प्रत्येक कारणावर मत देतो.

आणि दर तीन महिन्यांनी वही काढून फक्त एक आकडा पाहा: बिलाचे दिवस किती भरले. वर्षाला १२० म्हणजे तिमाहीला तीस. बावीसच भरले असतील आणि सगळं वर्ष तसंच जाणार असेल तर ८८ दिवस होतील, आणि पंधरा लाखांसाठी दर १७,०४५ लागेल, जो एकदम कुणी देणार नाही. म्हणून आकडा तिसऱ्या महिन्यात कळलेला बरा. उरलेल्या नऊ महिन्यांत ९८ दिवस भरायचे आहेत, महिन्याला अकराच्या जवळपास, आणि आज सकाळच्या पहिल्या दोन "का" चौकटी कुणाला फोन करण्यात घालवायच्या याची यादी करायला घ्या.